चेसचा फुलफॉर्म नसतोय, चूक माझीच

मंडळी, परवा मंगळवार पेठेतल्या आपल्या ग्रुपवर मीच टाकलेलं की चेस म्हणजे चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स, ते अजून फिरालंय पण ते चुकीचं हाय. डिक्शनरी उघडून बघितली तर शब्द जुन्या फ्रेंचमधनं इंग्रजीत आलाय आणि मूळ फारसी 'शाह' म्हणजे राजा, आपण शह दिला म्हणतो न्हवं, तो शह पण तिथलाच! रथ-घोडे-हत्ती-पायदळ हे आपल्या चतुरंगाचं, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय रूपाचं, खरं हाय, गोंधळ तिथंच झाला असणार. आणि आपला हत्ती तिकडं रूक, घोडा नाईट, मग फुलफॉर्ममध्ये एलिफंट-हॉर्स येणार कुठनं? तेवढा जुना मेसेज डिलीट मारा, पुढं पाठवू नका, पोरं परीक्षेत लिहून येतील.