कपाशीच्या थैलीतला दवाखाना

डॉक्टरनं "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारलं की आम्ही घरचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. आबाजी मात्र ठाम. "एक पांढरी, एक पांढरीच पन लहान, एक गुलाबी, अन् एक ते कडूवाली." जगातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या असतात, हे त्यांना कोणी सांगायचं?

हा खजिना कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या थैलीत, खुंटीला टांगलेला. त्यात बीपीची गोळी अमरावतीच्या डॉक्टरची, शुगरची दर्यापूरच्या, लघवीची कुठल्याशा शिबिरातली, गुडघ्याची बाजारातल्या मेडिकलवाल्यानं न विचारता दिलेली. झोपेची शेजारच्या आत्याबाईंची. त्यांचे यजमान वारले, गोळ्या उरल्या. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आणि आबाजींना एकही दवाखाना परका राहिला नाही. या डॉक्टरांची एकमेकांशी ओळख नाही. त्यांची भेट होते ती थेट आबाजींच्या पोटात.

दवाखान्यात न्यायची म्हणून मी थैली बाजेवर पालथी केली. मेडिकलवाला स्ट्रिप कात्रीनं कापून देतो आणि कात्री नेमकी नावावरूनच चालते, त्यामुळे अर्धा दिवस 'डिपिन' आणि 'फिनॅक' असे तुकडे जुळवण्यात गेला. मग कळलं की अमरावतीची गुलाबी आणि सरकारी दवाखान्यातली पांढरी, दोन्ही बीपीच्या, अॅम्लोडिपिनच. कंपनी वेगळी, रंग वेगळा, औषध एक. आबाजी दोन्ही घेत होते, रोज सकाळी, चहासोबत.

पुढचं मी डॉक्टरच्या तोंडून ऐकलं. या गोळीनं काहींचे पाय सुजतात, डोस वाढला तर जास्तच. आबाजींचे सुजले. सूज पाहून दुसऱ्यानं पाणी काढायची गोळी दिली. तिनं रात्री चार चार वेळा उठणं आलं. उठलं की बीपी पडायचं, वर झोपेच्या गोळीची गुंगी. मोरीजवळ आपटले. गुडघा धरला, म्हणून दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक. ते बीपी वाढवतं. बीपी वाढलं म्हणून... गुलाबी गोळी!

डायक्लोफिनॅक, पाणी काढायची गोळी आणि म्हातारपण मिळून किडनीला जड जातं, हेही डॉक्टरनं सांगितलं. डायक्लोफिनॅकच पूर्वी ढोरांना टोचायचे. मेलेली ढोरं खाऊन गिधाडांच्या किडन्या बसल्या, गिधाडं संपत आली, तेव्हा सरकारनं २००६ साली ढोरांसाठी ते बंद केलं. मी हे आबाजींना ऐकवलं.

"मंग? मी का गिधाड आहो काय बे?"

"आबाजी, कपाशीवर फवारताना एका पंपात दोन औषधं टाकायची तर तुम्ही कृषी केंद्रवाल्याला विचारता. इथं नऊ गोळ्या एका घोटात?"

"पऱ्हाटी बोलत नाही, म्हनून इचारा लागते. मले तरास झाला तं मी बोलतो ना!"

बोलतात, हे खरं. पण आजवर एकाही डॉक्टरशी नाही, कारण "त्याले दुसऱ्या डॉक्टरचं सांगतलं तं त्याले राग येते."

डॉक्टरनं अॅम्लोडिपिन एकच ठेवली, तीही कमी डोसची. पाणी काढायची आणि डायक्लोफिनॅक बंद, गुडघ्याला पॅरासिटामॉल. झोपेची मात्र एकदम सोडायची नाही, हळूहळू उतरवायची. आबाजींचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर म्हणाले, "फीस तं पुरी घेतली, अन् गोया कमी केल्या. डाक्टर कच्चा दिसते."

ती गुलाबी गोळ्यांची पुडी मी वेगळी बांधून ठेवली. संध्याकाळी पाहतो तर जागेवर नाही.

"आबाजी, पुडी कुठं गेली?"

"रामभाऊले देल्ली. फेकून कायले द्याची, पैशाची वस्तू? अन् त्याचे पाय सुजले म्हने."