स्टेडियम नंतर बघू, आधी सातबारा कुणाच्या नावावर ते सांगा

आमच्या पुण्याच्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही दिवसांनी एकच वाद उकरून निघतो, पुण्यात फुटबॉल क्लब टिकत का नाही. एक पार्टी म्हणते बालेवाडीचं स्टेडियम लांब पडतं, पेठेतला माणूस ऑफिस सुटल्यावर युनिव्हर्सिटी चौकाचं ट्रॅफिक पार करून मॅचला पोचणार कधी आणि घरी येणार कधी. दुसरी पार्टी म्हणते क्रिकेटपुढे आपल्याकडे काही चालतच नाही, विषय संपला. मग कुणीतरी मला टॅग करतं, "तू लिव्हरपूलला राहतेस ना, बघ तिकडे कशी स्टेडियमं आहेत, आपल्याकडे पन्नास हजारांचं एक बांधा, क्लब आपोआप येईल." मला हे आपोआपच पटत नाही आणि का पटत नाही ते ग्रुपवर तीन ओळीत सांगता येत नाही, म्हणून जरा सविस्तर.

लिव्हरपूल म्हटलं की पुण्यात सगळ्यांना लाल रंग आणि ॲनफिल्डचं मैदान एवढंच दिसतं. पण या गावात निळे पण आहेत, एव्हर्टन या दुसऱ्या क्लबवाले, आणि पुण्याला शिकायचंच असेल तर त्यांच्या मैदानाची गोष्ट जास्त कामाची आहे, कारण ती सुरूच होते घरमालकाच्या भांडणापासून. १८८४ पासून ॲनफिल्डवर एव्हर्टन खेळायचं, हो, एव्हर्टनच, लिव्हरपूल क्लब तेव्हा जन्मालाही आला नव्हता. जागेचा कारभार जॉन हौल्डिंगच्या हातात, बिअरचा कारखानदार आणि राजकारणातलं वजनदार प्रस्थ, शिवाय क्लबचा अध्यक्षही तोच. क्लब चालायला लागला तसं भाडं १०० पाउंडांवरून २५० वर गेलं, आणि ग्राउंडवर पेयं विकायची तर ती त्याचीच. मेंबर लोक वैतागले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा जॉर्ज माहोन पुढे झाला, स्टॅनली पार्कच्या पलीकडे पडीक जमीन बघितली आणि क्लबने ती पुढे चक्क विकत घेतली. २४ ऑगस्ट १८९२ ला गुडिसन पार्क सुरू झालं. इकडे हौल्डिंगकडे ग्राउंड आहे पण टीम नाही अशी पंचाईत, म्हणून त्याने नवीन क्लब काढला, तो म्हणजे आजचा लिव्हरपूल. म्हणजे तुम्ही ज्यांचे टीशर्ट घालून एफसी रोडवर फिरता तो क्लब रिकाम्या जागेचं करायचं काय यातून निघालाय.

आपल्याकडेही हे नवीन नाही. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, तिकिटांच्या वाटपावरून बॉम्बे क्रिकेट असोसिएशनशी फाटलं आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं, १९७५ मध्ये तिथे टेस्टही झाली. पुण्यात नेहरू स्टेडियमवर १९९६ च्या वर्ल्डकपला केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं होतं, आणि आज मोठी मॅच म्हटली की गाडी गहुंज्याला. क्रिकेटला मात्र हे परवडतं, असोसिएशन कायमची असते, मैदान बदललं तरी टीम कुठे जात नाही.

फुटबॉलचं पुण्यात उलटं झालं, मैदान जागेवर आहे, टीमच गेल्या. बालेवाडीचं क्रीडासंकुल बांधलं १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी, पुढे २००८ ला कॉमनवेल्थ युथ गेम्स झाले. जागा सरकारची, मैदानाभोवती ॲथलेटिक्सचा ट्रॅक, म्हणजे प्रेक्षक आधीच लांब बसलेला. तिथे २००७ चा पुणे एफसी आला, २०१२-१३ ला आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमध्ये दुसरा आला (ही साधी गोष्ट नव्हती बरं का) आणि २०१५ मध्ये संपला. मध्येच भारत एफसी येऊन एक सीझन खेळून गेला. एफसी पुणे सिटी २०१४ ला आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) आला, हृतिक रोशन मालकांत, २०१७-१८ ला सेमीफायनलपर्यंत मजल, आणि २०१९ ला बंद, त्याची जागा हैदराबादच्या नव्या टीमने घेतली. केशरी जर्सी घालून घसा फोडणारी पोरं तेव्हा होती, खोटं कशाला बोला, पुणेकर येत नव्हते म्हणणं त्या पोरांवर अन्याय आहे. पण क्लबमध्ये त्यांचं काय होतं? ना मत, ना शेअर, ना मैदानावर कसला हक्क. मालकाने हात वर केले की पेपरमध्ये बातमी वाचायची आणि जर्सी कपाटात ठेवायची, बस.

गुडिसनला लोकांचा हक्क कसला होता ते सांगते. आठशेहून जास्त माणसांच्या अस्थी त्या मैदानाच्या कडेने पुरल्यात, शेवटी जागा उरली नाही म्हणून क्लबला २००४ मध्ये ते थांबवावं लागलं. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती आळंदी काय वाईट होती. एव्हर्टनचा डिक्सी डीन, ज्याने १९२७-२८ च्या एका सीझनमध्ये लीगचे ६० गोल मारले, तो १९८० मध्ये तिथेच एव्हर्टन-लिव्हरपूलची डर्बी बघता बघता वारला. स्टँडच्या कोपऱ्याला चिकटून अख्खं चर्च आहे.

आता लगेच "इंग्रज बघा कसे जपतात" सुरू करू नका, कारण इथेही सगळं गोग्गोड नाही. एव्हर्टनला गुडिसन सोडायचंच होतं, ते जुनं आणि चारी बाजूंनी घरांत अडकलेलं. किंग्ज डॉकचा प्लॅन फसला, मग शहराबाहेर कर्बीला न्यायचं घाटलं तेव्हा बऱ्याच फॅन्सनीच विरोध केला आणि २००९ मध्ये सरकारने नाही म्हटलं. (पुण्यात एखादा प्रोजेक्ट फॅन्सनी अडवल्याचं आठवतंय का कुणाला?) शेवटी ब्रॅमली-मूर डॉकवर ५२ हजारांच्या वरचं स्टेडियम उभं राहिलं. पण गोदीकाठच्या अशा बांधकामांमुळे २०२१ मध्ये युनेस्कोने शहराचा जागतिक वारशाचा दर्जा काढून घेतला, क्लब कर्जात गेला, खर्चाचे नियम मोडले म्हणून २०२३-२४ मध्ये आधी १० पॉइंट कापले, अपिलात त्याचे ६ झाले, वर परत २ गेले, आणि मालकही बदलला. म्हणजे मोठं स्टेडियम क्लबला वाचवतं हे तर सोडाच, ते बांधताना क्लब बुडायचीच वेळ आली होती. १८ मे २०२५ ला पुरुषांच्या टीमची गुडिसनवरची शेवटची मॅच झाली, साउथहॅम्प्टनविरुद्ध, तेव्हा आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, तिकीट नसलेलेच जास्त. आणि मूळ प्लॅन होता गुडिसन पाडून घरंबिरं बांधायचा, तो शेवटच्या क्षणी बदलला आणि आता तिथे एव्हर्टनची महिलांची टीम खेळते. वाडे पाडून टॉवर बघायची सवय झालेल्या मला हे खरं सांगायचं तर परक्याच्या घरातलं लग्न बघितल्यासारखं वाटलं, आनंदही झाला आणि थोडी जळलेही.

मग पुण्याने काय करायचं? माझं म्हणणं, इंग्लंडकडे बघूच नका, कोल्हापूरकडे बघा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, या सगळ्या तालमी, त्यांच्या टीम शाहू स्टेडियमवर खेळतात आणि गर्दी मावत नाही. उद्या एखादा उद्योगपती दिलबहार उचलून हैदराबादला नेतो म्हणाला तर काय होईल विचार करा, तालीम पेठेची आहे, ती विकणार कोण? आणि पुण्याला हे शिकवायला नको खरं म्हणजे. ज्या साली गुडिसन सुरू झालं त्याच १८९२ ला भाऊ रंगारींनी गणपती बसवला (१८९२ की ९३ हे भांडण आपलं चालू राहू दे), ती मंडळं आजही आहेत, वर्गणीवर आणि कार्यकर्त्यांवर. इतकी वर्षं संस्था चालवायची अक्कल आपल्याकडे आहे, ती फुटबॉलला लावली नाही एवढंच.

त्यामुळे पन्नास हजारांचं स्टेडियम मागू नका. सात-आठ हजारांचं मागा, ट्रॅकशिवाय, आणि लीज तीस वर्षांची मागा, ती पण मेंबरांच्या क्लबच्या नावावर, फ्रँचायझीच्या नाही. अंतराचं रडगाणं तसंही फार दिवस चालणार नाही, हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या मार्गावर बालेवाडी स्टेडियमचं स्टेशनच आहे. आणि ग्रुपवर भांडणाऱ्यांपैकी किती जण एसएसपीएमएस शाळेच्या ग्राउंडवर लोकल लीगची मॅच बघायला गेलेत ते आधी हात वर करून सांगा, तिथे तर तिकीटही नडत नाही.

मी मार्चमध्ये येतेय. एक दिवस कोल्हापूरला मॅच बघायला जाऊ, सीझन चालूच असेल, फक्त गाडी कोण काढतंय ते आत्ताच ठरवा, नंतर परत ऑफिसची कारणं नकोत.