‘हौस’ या एका शब्दासाठी

सर, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. रागाच्या भरात नको ते लिहून जाईल म्हणून दोन दिवस थांबले. राग गेलाय असं मात्र म्हणणार नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रविवारी आमच्या ओसरीवर मी लहान लेकरांना चित्रांची पुस्तकं दाखवत गोष्टी सांगते, त्याबद्दल मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं: लेकरांना धड वाचता येत नाही, तिथे परदेशी हत्तीच्या गोष्टी कशाला? ‘मी आहे तसा चांगला’ हे गरिबाच्या पोराला शिकवणं म्हणजे आहे त्यात गप्प बस असं शिकवणं. शिवाय पुस्तकाचं सालही चुकलंय. आणि शेवटी, ‘पोट भरलेल्या बायकांची ही हौस आहे.’

सालाचं तुमचं बरोबर. डेव्हिड मकी यांचा एल्मर हत्ती पहिल्यांदा १९६८ साली आला. मी दिलेलं १९८९ हे पुस्तक नव्याने निघालं त्याचं साल. दुरुस्ती केली आहे.

आता हौस. हा शब्द तुम्ही समोर बसून वापरला असता का, हे एकदा स्वतःला विचारा.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. आई-दादा, म्हणजे माझे आई-वडील, ऊसतोडीला जायचे. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असायची, त्यामुळे दिवाळी झाली की त्यांना निघावंच लागायचं, आणि आम्हाला गावात सांभाळायला कुणी नसायचं. मी सहा वर्षांची असताना सांगलीकडच्या एका कारखान्यावर गेलो. राहायला उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, पहाटे आई उसाच्या फडात, आणि मला तिथल्या शाळेत दाराजवळ बसवलेलं. पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारलं, काय करतेस गं? मी आमच्या बोलीत म्हणाले, ‘लिहायलेय.’ सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. पुढे आठवडाभर पोरं मागून ओरडायची, ‘लिहायलेय, जेवायलेय, जायलेय.’ त्यानंतर हंगाम संपेपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही. बाहेर जायचं असलं तरी विचारायचे नाही, कारण विचारताना ‘जायलेय’ म्हणावं लागलं असतं. एकदा फरशीवरच झालं. ती ओली फरशी मला अजून दिसते.

पाटीवरची अक्षरं मला सगळी येत होती, सर. वाचता येत नव्हतं म्हणून मी गप्प नव्हते.

आज पोट भरलंय, हो. त्याची लाज कशाला वाटून घेऊ? पण ज्या लेकरांसाठी मी सतरंजी अंथरते, त्यांतली निम्मी आज्जीपाशी राहिलेली, आई-बाप फडात असलेली आहेत. हे लेखात स्पष्ट लिहिलं होतं. ते न वाचताच तुम्ही माझं पोट मोजलंत.

त्या हत्तीचंही सांगते, कारण तुम्ही त्याला एका ओळीत उडवून लावलंत. एल्मरच्या अंगावर रंगीबेरंगी चौकटी असतात. सगळ्यांसारखं दिसावं म्हणून तो राखाडी रंगाच्या फळांत लोळतो, कळपात जाऊन उभा राहतो, आणि त्याला कुणी ओळखत नाही. पुढे पावसात रंग धुऊन जातो आणि हत्ती ठरवतात की वर्षातून एक दिवस सगळ्यांनी अंग रंगवायचं. पुस्तक इंग्रजी आहे, गोष्ट मी आमच्या बोलीत सांगते. त्या पानावर आले तेव्हा एक पोरगा ओरडला, ‘हत्तीचा पोळा हाय की वो बाई ह्यो!’ हिंगूळ लावलेली शिंगं बघत वाढलेल्या लेकराला तो हत्ती परदेशी वाटला नाही.

आणि एक पाच वर्षांची पोरगी आहे. तिच्या हातावर कोड आहे, ती तो हात कायम फ्रॉकच्या घेरात दडवून बसते. त्या दिवशी ती सरकत पुढे आली, हात बाहेर काढला आणि हत्तीच्या पाठीवर ठेवला. ‘ह्याला बी हाय,’ एवढंच म्हणाली. दुसरं पान उलटायचं होतं, पण तिचा हात निघेपर्यंत मी थांबले.

ही हौस?

तुमचे बाकीचे मुद्दे. परदेशीच म्हणत असाल तर त्याच पेटीत माधुरी पुरंदरेंची पुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची आहेत. अक्षरओळखीला शाळा आहे, मी तिच्या आड येत नाही. आणि गप्प बसायला शिकवण्याचं म्हणाल तर ते मला पटत नाही. सभेत बोलायला मुद्दा चांगला आहे, सतरंजीवर त्याचं काय करू?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. वयाने मोठे आहात म्हणून आदर ठेवूनच मागते, तो एक शब्द तेवढा मागे घ्या.