मान डावीकडे, मान उजवीकडे

आमच्या घरात फाटलेलं चित्र फक्त मला दिसतं. बायकोला दिसत नाही, बाबांना दिसत नाही, आणि मुलगी म्हणते मला बघायचंच नाही, कारण अभ्यास सोडून कॉम्प्युटरकडे बघितलं की काय ऐकावं लागतं ते तिला पाठ आहे.

प्रकार असा. गेममधला आपला गडी एका जुन्या देवळाच्या मंडपात उभा आहे. समोर दगडी खांब. माउस डावीकडून उजवीकडे ओढला की गडी मान वळवतो, आणि खांब मधोमध चिरतो. वरचा अर्धा अजून जुन्या जागी, खालचा बोटभर पुढे सरकलेला. मान थांबली की खांब पुन्हा अखंड, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून उभा. बायकोला मुद्दाम हाक मारून दाखवलं. "बघ, बघ... आत्ता!" ती दोन मिनिटं टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे रे देऊळ. कुठलंय?"

ह्या रोगाला स्क्रीन टेअरिंग म्हणतात. मॉनिटर अख्खं चित्र एका झटक्यात बदलत नाही. वरच्या ओळीपासून सुरुवात करून खालपर्यंत ओळीने रंगवत येतो. साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर हे काम सेकंदाला ६० वेळा करतो, म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. गेमची चित्रं तयार करणाऱ्या ग्राफिक कार्डाला मात्र ह्या वेळापत्रकाशी काही देणंघेणं नसतं. गडी मोकळ्या आभाळाकडे बघत असेल तर त्याचं चित्र ५ मिलिसेकंदांत तयार. गजबजलेला बाजार आला की २५ लागतात. तयार झालं की ते पुढे ढकलून मोकळं होतं. मॉनिटर निम्म्यावर आलेला असताना नवं चित्र हातात पडलं, की तो उरलेलं निम्मं नव्यातून रंगवतो. दोघंही आपापलं काम चोख करतात, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत. मी एका सहकारी बँकेत नोकरीला आहे, मला हे लगेच समजलं.

खांबच कशाला, असं कोणी विचारेल. आडव्या हालचालीत उभी रेघ सगळ्यात आधी तुटते, म्हणून खांब. दाराची चौकट, नारळाचं झाड, ध्वजस्तंभ, काहीही चालतं, पण खांबासारखा खांबच. त्यामुळे आमची गेम खेळण्याची पद्धत अशी झाली आहे: देवळात जायचं, खांबासमोर उभं राहायचं, मान डावीकडे, मान उजवीकडे. मागून कोणीतरी कुऱ्हाड घेऊन येतो आणि खांडोळी करतो. पुन्हा जिवंत व्हायचं, पुन्हा खांब. ज्या राक्षसाला मारायला ह्या गड्याने घर सोडलं, तो डोंगरापलीकडे अजून वाट बघतोय. त्याचं तोंडही आम्ही पाहिलेलं नाही.

पहिला उपाय सगळ्यांना माहीत असतो: व्ही-सिंक चालू कर. म्हणजे कार्डाने चित्र तयार झालं तरी दारात थांबायचं, आणि मॉनिटर खालची शेवटची ओळ संपवून पुन्हा वर जायला निघाला की त्या फटीत ते हवाली करायचं. केलं. खांब सरळ झाला. पण आता गड्याचं वागणं बदललं. माउस हलवला की तो जरा विचार करून मान वळवायचा. शिवाय एखादं चित्र १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंदांत तयार झालं, की ती फट हुकली आणि पुढच्या फटीपर्यंत ताटकळणं आलं. डोंबिवलीकराला हे समजावून सांगायला नको. लोकल अर्ध्या सेकंदाने चुकली तरी ती चुकलीच. पुढची येईपर्यंत फलाटावर. प्रत्येक चित्राची गाडी अशी हुकायला लागली की ३३.३ मिलिसेकंदांना एक चित्र, म्हणजे ६० चे थेट ३०. तीन चित्रं आळीपाळीने हाताळणारं ट्रिपल बफरिंग असलं तर हा मार जरा हलका होतो. ते सगळ्या गेममध्ये नसतं.

मी जेवताना हे सांगत होतो. कोणी ऐकत नव्हतं, फक्त बाबा घास हातात धरून थांबले. "म्हणजे व्ही-होल्ड," ते म्हणाले.

बाबांच्या उमेदीच्या काळात ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं चित्र एकाएकी खालून वर धावत सुटायचं. मध्ये एक काळा पट्टा, त्याच्या वर बातम्या देणाऱ्या बाईंची हनुवटी आणि त्याच्या खाली त्यांचं कपाळ. मग बाबा टीव्हीच्या मागे हात घालून एक बटण केसभर फिरवायचे आणि समोर बसलेले शेजारी ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" त्या बटणाचं नाव व्हर्टिकल होल्ड. दूरदर्शनकडून प्रत्येक फेरीनंतर एक इशारा यायचा, सेकंदाला ५०, आणि टीव्हीने आपली वर-खाली होण्याची चाल त्या इशाऱ्याशी जुळवून घ्यायची. जुळली नाही की बाईंचं कपाळ खाली. व्ही-सिंकमधला व्ही तोच. किरण खालून पुन्हा वर जायला जो वेळ लागायचा, तीच ती फट. किरणाची नळी केव्हाच भंगारात गेली, तरी फट मात्र अजून ठेवलेली आहे.

"मग फिरव की बटण," बाबा म्हणाले.

"बाबा, आता मागे बटण नसतं, मेनूत असतं."

"चाळीस वर्षांत बटण मागचं पुढे आणलंत. बरं केलंत."

ह्यावर खरा तोडगा उलट्या बाजूने निघाला. कार्डाने मॉनिटरसाठी थांबण्याऐवजी मॉनिटरनेच कार्डासाठी थांबावं, चित्र येईल तेव्हा रंगवावं. २०१३ मध्ये ग्राफिक कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने जी-सिंक आणलं, त्यासाठी मॉनिटरच्या पोटात त्यांचं वेगळं सर्किट बसवावं लागे, आणि त्याचे पैसे अर्थातच मॉनिटर घेणाऱ्याने द्यायचे. २०१४ मध्ये व्हेसा ह्या संस्थेने तीच सोय डिस्प्लेपोर्ट ह्या मॉनिटर-जोडणीच्या मानकात घातली, २०१५ मध्ये एनव्हिडियाची स्पर्धक एएमडी, तिच्या फ्रीसिंकचे मॉनिटर दुकानात आले, आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही त्या साध्या मॉनिटरांना आपल्या कार्डांवर चालायची परवानगी दिली. मोठ्यांचं भांडण मिटलं की मध्यमवर्गीयाचा खर्च सुरू होतो. बायकोला मी "डोळ्यांना त्रास होतो" एवढंच सांगितलं, जे खरं होतं, आणि लॅमिंग्टन रोडवरून १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला. रविवारी दुपारच्या लोकलमध्ये खोकं मांडीवर उभं धरून. समोरच्या काकांनी भायखळ्यापासून डोंबिवलीपर्यंत तीनदा विचारलं, टीव्ही केवढ्याला पडला.

मॉनिटर जोडायला भाचा आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ह्या विषयात घरातला सर्वोच्च अधिकारी. त्याने आल्याआल्या विंडोजमध्ये जाऊन आधी वेग १४४ वर नेला. नवा मॉनिटर कित्येकदा ६० वरच सुरू होतो आणि तसं कोणी सांगत नाही. त्याच्या एका मित्राने असा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवला आणि त्या वर्षभरात अनेकांना १४४ आणि ६० मधला जमीनअस्मानाचा फरक समजावून सांगितला.

मग भाच्याने मंत्र दिला. "मामा, जी-सिंक चालू. व्ही-सिंक गेममध्ये बंद, पण ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पॅनलमध्ये चालू. आणि फ्रेम, म्हणजे सेकंदाची चित्रं, १४१ वर बांध."

"१४४ चे पैसे दिलेत ना रे?"

"१४४ ला डोकं टेकलं की परत जुनं व्ही-सिंक सुरू होतं, मामा. परत मान हळू. म्हणून तीन कमी."

पटण्यासारखं होतं. केलं. खांबासमोर उभा राहिलो, मान डावीकडे, मान उजवीकडे. खांब एकसंध. मी इतक्या आनंदात होतो की गडी प्रथमच देवळाबाहेर पडला, उतारावरून खाली आला, समोरून एकाने पेटता पलिता फेकला, आणि ज्वाळा उसळताना जग थांबलं. अर्धा श्वास घेण्याइतकंच. मग पुन्हा सुरू.

फाटणं गेलं होतं आणि अडखळणं हजर होतं.

टेअरिंगचं निदान तरी डोळ्यांनी होतं. अडखळण्यासाठी आलेख लागतो. भाच्याने आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबतचं रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअरं बसवून दिली. आता पडद्याच्या कोपऱ्यात एक रेघ सतत धावते, प्रत्येक चित्राला किती मिलिसेकंद लागले त्याची. रेघ सपाट म्हणजे सुख. मध्येच सुळका आला म्हणजे झटका. एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, त्याच्या सरासरीवर कोणी विसंबू नये. अर्ध्या सेकंदात ५९ चित्रं आली आणि साठावं उरलेला अर्धा सेकंद अडून बसलं, तरी कोपऱ्यात ६० हाच आकडा दिसतो. वार्षिक सभेतल्या अहवालातही सरासरी अशीच उत्तम असते.

इथून पुढे ज्याला ज्याला हा त्रास सांगितला त्याने त्याने औषध दिलं. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ने. गेम बार बंद कर. मागे क्रोम उघडं ठेवू नकोस. रॅमचे दिवे रंगवणारं सॉफ्टवेअर काढून टाक. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू ह्या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने मुळापासून उपट आणि नवा टाक. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने कॅबिनेट उघडून बघायला सांगितलं, ते मात्र कामाचं निघालं. जोडणी करून देणाऱ्याने १६ जीबीची एकच रॅम लावली होती, "पुढे वाढवायला जागा राहते साहेब" म्हणून. ८-८ च्या दोन, योग्य खोबणींत लावल्या असत्या तर मेमरीची वाट दुप्पट रुंद झाली असती. तशाच जोडीची दुसरी आणली. ती नव्या वेगाने चालेना, म्हणून बायॉस, म्हणजे मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करणं आलं.

बायॉस अपडेट करताना वीज गेली तर मदरबोर्डाचं कायमचं शोपीस होऊ शकतं. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी उतरलेली. वीज गेली की तो फक्त ओरडतो. मी घरात जाहीर केलं की पाच मिनिटं कोणी गीझर, मिक्सर, इस्त्री, कशालाही हात लावायचा नाही. पडद्यावरची पट्टी सरकू लागली. बाबा कोचावर मांडी घालून अगदी ताठ बसले. मुलगीसुद्धा येऊन उभी राहिली. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "चटणी वाटायची आहे, लावू का आता?" आम्ही तिघंही एकदम "नको!" म्हणून असे ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या वहिनी काय झालं बघायला वर आल्या. त्यांनी दाराची घंटा वाजवली, ट्यूबलाइट लुकलुकली, आणि माझे दोन ठोके चुकले. पट्टी पूर्ण झाली. वहिनींना चहा करून द्यावा लागला, तोही गॅसवर.

गंमत म्हणजे, ह्यातल्या प्रत्येक औषधाने गुण आला. पॉवर प्लॅन बदलला, पलितेवाल्यापाशी गेलो, झटका नाही. रॅम बदलली, झटका नाही. सगळ्यांना फोन करून आभार मानले. आणि तोच झटका पुढच्या वळणावर, नव्या राक्षसाच्या नव्या ठिणग्यांत.

ह्याचं इंगित शेडरमध्ये आहे. आग कशी दिसावी, पाणी कसं चमकावं, ह्याचे छोटे छोटे प्रोग्रॅम म्हणजे शेडर. ते ज्या त्या कार्डाच्या भाषेत भाषांतरित व्हावे लागतात. कन्सोलवर सगळ्यांच्या घरी तोच डबा, त्यामुळे भाषांतर तयारच पाठवता येतं. पीसीत कार्डं शंभर आणि ड्रायव्हर हजार, म्हणून ते काम तुमच्या घरी, तुमच्या प्रोसेसरवर होतं. शहाणे गेम ते सुरुवातीलाच उरकतात. बाकीचे आग पहिल्यांदा पेटते तेव्हाच भाषांतराला बसतात. एकदा झालेलं भाषांतर साठवलं जातं, त्यामुळे त्याच जागी दुसऱ्यांदा गेलं की सगळं सुरळीत. म्हणजे पॉवर प्लॅनच्या जागी मी देवापुढे नारळ फोडला असता, तरी पलितेवाल्यापाशी तितकाच गुण आला असता. नवा ड्रायव्हर टाकला की हा साठा बहुधा निकामी होतो आणि पहिल्या पलित्यापासून पुन्हा श्रीगणेशा. डीडीयू सुचवणाऱ्याला हे माहीत होतं की नाही, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.

चालता चालता पुढचा मुलूख डिस्कवरून भरताना येणारा झटका आणखी वेगळा. त्याला आपल्या बाजूने फारसा इलाज नाही. गेम करणाऱ्यांनीच सुधारणा पाठवायची, आणि तोवर "आम्हाला ह्या समस्येची कल्पना आहे" एवढं पत्रक काढायचं.

तेव्हा सध्या माझी तब्येत अशी: सकाळी उठून गेम लावतो, सुरुवातीची "शेडर तयार होत आहेत" ही पट्टी पूर्ण होईपर्यंत दाढी करतो. भाच्याने हाच गेम केव्हाच संपवला. त्याच्या लॅपटॉपवर झटके येत होते का, विचारलं तर म्हणाला, "येत असतील रे मामा, राक्षस अंगावर येत होता, मी कशाला बघू." माझा गडी तिसऱ्या वळणापर्यंत पोचलाय आणि रेघ जवळजवळ सपाट आहे.

आज मात्र ड्रायव्हरची नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसली. सहा-सातशे एमबीची आहे, माझ्या गेमचं नावही तिच्या यादीत नाही. टाकू नये हे मला पक्कं कळतं. बासष्ट टक्के उतरली आहे, आणि आत्ताच आतून कोणीतरी मिक्सर लावला.