हर्षेवाडी तुमचीच वाट पाहतेय

पहाटे उठून निघायचं नाही, हे आधी ठरवून टाका. सहाला नाशिक सोडून, सात-सव्वासातला हरिहर गडाच्या पायथ्याशी पोचून, ऊन चढायच्या आत खाली येणं हे जुन्या लोकांचे उद्योग. रविवारी आधी मिसळ. रांगेत अर्धा तास, तर्री दोनदा, वर जिलबी. साडेदहाला त्र्यंबकचा रस्ता धरा, म्हणजे भर दुपारी, अर्धं नाशिक आणि पाऊण मुंबई हरिहरच्या जिन्यावर लटकलेली असताना, तुम्हीही तिथे लटकाल.

जिना कसा आहे, ते आधी समजून घ्या. अखंड कातळात कोरलेला, जवळजवळ ऐंशी अंशांत उभा, रुंदी एका माणसापुरती. चढणारे आणि उतरणारे त्याच वाटेने. पायरीच्या दोन्ही कडांना बोटं अडकवायला खोबण्या आहेत. 1818 मध्ये इंग्रजांनी या भागातल्या गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, या पायऱ्या मात्र राहिल्या. इंग्रजांच्या हातून जे राहून गेलं, ते आपल्याला दर रविवारी थोडं थोडं करता येतं.

मध्यावर थांबा. मागे चाळीस माणसं खोळंबली तरी चालतील, फोटोत गर्दी शोभून दिसते. वेफर्सचं रिकामं पाकीट खोबणीत खोचा, म्हणजे पुढच्याची बोटं दगडाऐवजी प्लास्टिकवर पडतील आणि त्यालाही थोडा थरार मिळेल. उतरताना दरीकडे तोंड करून, नाटकातल्या राजासारखे उतरा. गावातली पोरं ओरडतील, ‘तोंड दगडाकडं करा, शिडी उतरता तसं उतरा, एक पाय टेकल्याबिगर दुसरा सोडू नका.’ त्यांचं काय ऐकायचं? त्यांना सवय आहे. बूट नवेकोरे, गुळगुळीत तळाचे असावेत. ओल्या शेवाळावर ते कसे वागतात हे गडावरच कळलेलं बरं. आणि स्पीकर विसरू नका. कड्याला आग्या मोहोळ असेल तर त्याला अत्तराचा वास आणि धूर मनापासून आवडत नाही, म्हणून अंगावर अर्धी बाटली शिंपडून या आणि कड्याखाली सिगारेट पेटवा. मधमाश्या मागे लागल्या की पळायला रुंदी एका माणसाचीच आहे, हे वर सांगितलंच.

आता पायथ्याचं गाव. निरगुडपाड्याकडून चढायला दीड-दोन तास लागतात, हर्षेवाडीकडून त्याच्या जवळपास निम्मे. म्हणून गाडी हर्षेवाडीतच घाला, तीही एसटी वळते त्या मोकळ्या जागेत. एसटीला वळता आलं नाही की ती अलीकडूनच परत जाते आणि बाजाराला निघालेल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन चालत सुटतात. तुमच्या व्हिडिओला तेवढंच ‘ग्रामीण जीवन’.

आषाढात आलात तर बांधावरून चाला, तेही ओळीने बाराजण. बांध मातीचा असतो आणि भाताच्या खाचरात घोटाभर पाणी धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. बुटाने तो एका जागी ढासळला की रातोरात वरचं खाचर खालच्यात उतरतं आणि नुकत्याच आवणी, म्हणजे लावणी केलेल्या रोपांची मुळं उघडी पडतात. त्या रोपांसाठी उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण पसरून राब भाजला, मग पेरणी केली, मग रोपं उपटून मुठी बांधल्या, हे सगळं तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्हाला हिरवं दिसलं, पुरे.

जेवण दुपारी दोनला मागा. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर गावातल्या मावशी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणि सरपण तयार ठेवतील. त्यात काय मजा? अचानक बारा ताटं सांगा आणि दहा मिनिटांनी ‘झालं का?’ म्हणा. नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो. गरम पाण्यात उकड काढून, मळून, हातावर थापावं लागतं आणि चुलीवर तवा एकच असतो. बारा माणसं, दोन-दोन भाकरी, हिशेब तुम्हीच करा. भाकरीला तडा गेलेला दिसला तर तेवढ्यासाठी पैसे कमी करून मागा. मिसळीच्या बिलाला असं काही म्हणायचं नसतं, ती शहरातली असते.

गावाच्या शिवेवर शेंदूर लावलेला, वाघ-चंद्र-सूर्य कोरलेला वाघदेव दिसेल. पाठ टेकायला उंची अगदी बेताची आहे. वाघबारशीला तिथे नारळ फुटतो, बाकी वर्षभर तो मोकळाच.

उन्हाळ्यात या भागात कुठे बोहाडा, म्हणजे देवांच्या मुखवट्यांचा उत्सव, असेल तर नक्की जा. संबळ वाजतो आणि रात्रभर गणपती, सारजा (सरस्वती) अशी सोंगं एकामागून एक येतात. मुखवट्याची पूजा झाल्यावर तो चढवलेला माणूस त्या घटकेपुरता देवच असतो, आणि अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याचा हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. तुम्ही मध्ये शिरून म्हणा, ‘गणपतीदादा, उजेड कमी पडला, परत एकदा या ना.’

उन्हाळ्यात आलात तर पाणी मात्र घरून आणू नका. या तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, मग कमी कसं पडेल? काळा कातळ पाणी मुरू देत नाही, उतार ते थांबू देत नाही आणि एप्रिल लागला की विहिरीच्या तळाशी वाटीने हंडा भरायची पाळी येते, या तपशिलात शिरू नका. दारातल्या हंड्याकडे बोट दाखवून फक्त विचारा, ‘पाय धुवायला मिळेल का?’

पावसाळ्यात परत निघताना गाडी चिखलात रुतेलच, कारण वळवताना ती तुम्ही खाचराच्या कडेला घातलेली असेल. ज्याचा बांध तुम्ही ढासळवला तोच बाबा बैलजोडी आणि कासरा घेऊन येईल. तो चाकांखाली दगड लावेल, गुडघाभर चिखलात उतरून ढकलेल. पैसे विचारायचे ते काच वर जाता जाता. तो ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणेल.

लगेच ऐका.