धान्यटंचाई : होतकरूंसाठी मार्गदर्शन

धान्याची टंचाई आणायची तर आधी दुष्काळ पडायला हवा, अशी एक खुळी समजूत आपल्याकडे आहे. दुष्काळ हा फार बेभरवशाचा गडी. बोलावून येत नाही, आणि आलाच तर टँकर, चारा छावण्या, पुढाऱ्यांचे पाहणी दौरे असा सगळा लबेदा मागे लागतो. तुम्ही होतकरू आहात, अंगात रग आहे, तर कोठारं भरलेली असताना टंचाई आणून दाखवा. खरी कारागिरी त्यात आहे. वाटतं तितकं अवघडही नाही, २००८ साली जगाने तांदळाच्या बाबतीत ते करून दाखवलं आहे.

त्या सुमारास तांदूळ काही कमी पिकला नव्हता. उलट २००७चं भाताचं पीक तोवरचं सर्वांत मोठं होतं. तरीही २००८च्या सुरुवातीला टनाला ४०० डॉलरच्या आत मिळणारा थायलंडचा तांदूळ मे उजाडेपर्यंत १००० डॉलरच्या पुढे गेला. हे कसं जमलं, ते नीट समजून घ्या. जगात पिकणाऱ्या तांदळातला तेव्हा जेमतेम सहा-सात टक्केच देशाबाहेर विकला जाई, बाकीचा पिकतो तिथेच शिजे. म्हणजे जागतिक बाजार म्हणून ज्याचा एवढा डंका, तो प्रत्यक्षात एक बोळ. बोळात एकाने बैलगाडी आडवी लावली की काम झालं. तो मान आपल्याला मिळाला. गव्हाचे भाव कडाडले होते, बाहेरून गहू आणणं परवडेना, तेव्हा रेशनला निदान तांदूळ तरी हाताशी असावा म्हणून भारताने ऑक्टोबर २००७मध्ये बिगरबासमतीची निर्यात रोखली. आता यात चूक काय? काहीच नाही. तेच तर ध्यानात घ्यायचं आहे. टंचाईच्या कामात प्रत्येक जण आपल्या जागी अगदी बरोबर असतो.

आपण दार लावलं, मग व्हिएतनामने लावलं. ते पाहून फिलिपाइन्सला घाम फुटला. तांदळाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक ते. मिळेल त्या भावाने द्या म्हणत त्यांनी निविदांवर निविदा काढल्या. गिऱ्हाईक घाबरलंय हे एकदा कळल्यावर कुठला व्यापारी पोतं बाहेर काढतो? एप्रिल अखेरीस खुद्द हो चि मिन्ह सिटीत, म्हणजे तांदूळ विकणाऱ्या देशात, लोकांनी दुकानं रिकामी केली. तिकडे अमेरिकेत सॅम्स क्लब या घाऊक दुकानांच्या साखळीने तांदळाच्या मोठ्या पिशव्या गिऱ्हाइकामागे चारच, असा नियम केला. अमेरिकन माणसाला तांदूळ मोजून मिळाला, याहून मोठं यश ते काय!

मला स्वतःला यातला जपानचा भाग फार आवडतो. जागतिक व्यापार करारापायी जपानला दरवर्षी बाहेरचा तांदूळ घ्यावाच लागतो, आणि तो शक्यतो जपानी माणसाच्या ताटात पडू नये अशीही चोख व्यवस्था आहे. मग तो गोदामात पडून राहतो, आणि जुना झाला की डुकरा-कोंबड्यांच्या पुढ्यात जातो. इकडे जग तांदळासाठी जिवाचा आटापिटा करत होतं तेव्हा तिथे असा सुमारे १५ लाख टन तांदूळ निवांत पडून होता. बराचसा अमेरिकेचाच, त्यामुळे तो बाहेर विकायला अमेरिकेची ना हरकत हवी. शेवटी अमेरिकेने हरकत नाही म्हटलं, जपानने विकायची तयारी दाखवली, आणि जहाजात पोतं चढायच्या आतच भाव उतरायला लागले. चांगली जमलेली टंचाई एका घोषणेने नासली. तेव्हा होतकरूंनी पाटीवर लिहून ठेवावं : आपल्या गोदामात काय आहे, हे कुणाला कळू देऊ नये.

टंचाई भोगायला माणूसही लागतो, आणि तो आधीपासून तयार करून ठेवावा लागतो. त्यासाठी हैतीकडे पाहा. १९८०च्या दशकापर्यंत हा देश आपल्या गरजेचा बराचसा तांदूळ स्वतः पिकवत असे. १९९५ला कर्ज आणि मदतीच्या अटींखाली त्याला तांदळावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणायला लावलं. अनुदानाचा अमेरिकन तांदूळ स्वस्तात उतरला, तिथला शेतकरी शेत सोडून शहराच्या झोपडपट्टीत गेला, आणि मग २००८ साल आलं. मीठ आणि वनस्पती तूप घालून उन्हात वाळवलेल्या मातीची बिस्किटं तिथली गरीब माणसं पोटाला आधार म्हणून खात होती. त्या मातीचासुद्धा भाव वाढला होता. एप्रिलमध्ये दंगली झाल्या आणि पंतप्रधानाची खुर्ची गेली. पुढे २०१०मध्ये, १९९५ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं, की आपल्या आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांचं त्यात भलं झालं असेल, पण हैतीच्या बाबतीत ती चूकच होती. कबुली अशी सावकाश, पंधरा वर्षांनी द्यावी. तोवर ऐकणारे बदललेले असतात.

बोभाटा फारच झाला तर खापर खाणाऱ्याच्या डोक्यावर फोडायचं. मे २००८मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सांगितलं, की भारतात ३५ कोटींचा मध्यमवर्ग आहे, माणसाकडे पैसा आला की तो चांगलंचुंगलं मागू लागतो, मग भाव वाढतात. आपल्याकडे लोक चिडले. मी म्हणतो, चिडण्यासारखं काय आहे? वरण-भातावर तुपाची धार मागणारे आपण, जगाच्या मुळावर उठलो म्हणून गाजलो तरी! त्या आधीच्या डिसेंबरात अमेरिकेने गाड्यांच्या इंधनात मिसळायच्या मक्याच्या इथेनॉलचं लक्ष्य १५ अब्ज गॅलनपर्यंत नेणारा कायदा केला होता, पण गाडी काही चांगलंचुंगलं मागत नाही. ती मुकाट पिते. आज तिथल्या मक्याचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा इथेनॉलला जातो. टनभर मक्यातून चारशे लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं, म्हणजे चाळीस लिटरच्या टाकीसाठी क्विंटलभर मका. आपणही मागे नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळून दाखवलं, आणि एके काळी मका निर्यात करणारा देश २०२४मध्ये मका आयात करू लागला. खाद्याला मका लागणारे कोंबडीवाले बोंबलतायत, त्यांना बोंबलू द्या.

एवढ्या मोठ्या उलाढाली आपल्याला कुठून झेपणार, असं म्हणून हातपाय गाळू नका. सराव घरापासून करता येतो. एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरायची आपली जुनी रीत आहे : लोकवन की सिहोर यावर वाद, गच्चीवर ऊन देणं, एरंडेल चोळणं. ती मोडू नका, फक्त व्हॉट्सॲपवर ‘युद्धामुळे गहू संपणार’ असा निरोप आला की दोन कट्टे जास्तीचे घ्या आणि तोच निरोप सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकला. संध्याकाळपर्यंत वाण्याने पाटीवरचा आकडा ओल्या फडक्याने पुसलेला असेल. ते जास्तीचे कट्टे पुढे पावसाळ्यात सोंडे खातील, खाऊ देत. परदेशातल्या आपल्या मंडळींनी तर यात नावच काढलं आहे. २० जुलै २०२३ला बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद होताच अमेरिकेतल्या भारतीय दुकानांपुढे रांगा लागल्या, ढकलाढकली झाली, काही ठिकाणी घरटी एकच पिशवी देण्याची वेळ आली. एरवी ‘भात सोडलाय, शुगर आहे’ म्हणणारे लोक हे!

सट्टेबाजांचं काय, असं कुणी ना कुणी विचारणारच. भाव वाढले की वायदे बाजारात, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच ठरवतात तिथे, बंदी घालायची आणि एक समिती नेमायची. २००७ला तूर, उडीद, गहू आणि तांदळाचे वायदे बंद केले. वायद्यांमुळे भाव वाढतात का, हे शोधायला अर्थतज्ज्ञ अभिजित सेन यांची समिती बसली. ठाम काही सांगता येत नाही, असं तिने ठामपणे सांगितलं. डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा सात शेतमालांचे वायदे बंद झाले.

तुम्ही सत्तेत असाल तर मात्र आधी भाषण करा. एप्रिल २०२२मध्ये, रशिया-युक्रेन युद्धाने गहू अडकून पडलेला असताना, आपल्या पंतप्रधानांनी जाहीर केलं, की जागतिक व्यापार संघटनेने परवानगी दिली तर भारत जगाला धान्य पुरवायला तयार आहे. त्या आधीचा मार्च हा १२२ वर्षांतला सर्वांत कडक उन्हाचा मार्च होता आणि उत्तरेतला गहू दाणा भरण्याआधीच वाळत होता, पण गव्हाने ते वेळेवर कळवलं नसावं. १३ मेला निर्यातबंदी आली. सरकारी खरेदीचं लक्ष्य ४४४ लाख टन, प्रत्यक्ष खरेदी १८८ लाख टनांच्या आसपास. शेतकऱ्याला कधी नव्हे तो हमीभावाच्या वर भाव मिळत होता, त्याचीही सवय मोडली. कांदेवाल्यांना हा अनुभव जुनाच. ऑगस्ट २०२३ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, लासलगावला लिलाव बंद आणि रस्त्यावर ट्रॅक्टर.

शेवटचा धडा, पीक चांगलं आलं तर काय करायचं त्याचा, कारण होतकरूंचा पाय तिथेच घसरतो. २०२५च्या अर्थसंकल्पात डाळींमध्ये स्वयंपूर्ण होण्यासाठी सहा वर्षांची मोहीम जाहीर झाली. त्याच सुमारास तुरीच्या शुल्कमुक्त आयातीला मार्च २०२६पर्यंत मुदतवाढ मिळाली, आणि नवी तूर बाजारात आली तेव्हा भाव ७५५० रुपयांच्या हमीभावाखाली गेले. हे तुम्हालाही जमेल. फक्त मोहिमेचा कागद आणि आयातीचा कागद एकाच फायलीत लावू नका.