'पैसा पाण्यात' म्हणे!

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी 'जगातले फसलेले प्रकल्प' अशी यादी टाकली. तिसऱ्या नंबरवर अमेरिकन हवाई दलाची मॅन्ड ऑर्बिटिंग लॅबोरेटरी, म्हणजे माणसं राहतील अशी अंतराळातली प्रयोगशाळा. शेरा काय, तर दीड अब्ज डॉलर पाण्यात! खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. डोकंच फिरलं माझं.

अरे, १७ वैमानिक निवडले होते त्यासाठी. दोघांनी ३० दिवस पृथ्वीभोवती फिरायचं आणि वरून सोव्हिएत तळांचे फोटो काढायचे. त्या कॅमेऱ्याबद्दल घरात चकार शब्द काढायचा नाही. १० जून १९६९ ला कळलं, संपलं. एकही जण वर गेला नाही. पुढच्याच महिन्यात सगळं जग चांद्रवीरांसाठी टाळ्या वाजवत होतं.

माझे बाबा संरक्षणाच्या एका कामावर ड्राफ्ट्समन होते. काम कसलं, ते आईलाही माहीत नव्हतं. मी सातवीत असताना एकदा दुपारी दोनलाच घरी आले. न उघडलेला डबा ओट्यावर ठेवला. "बंद झालं," एवढंच म्हणाले.

हो, व्हिएतनामचा खर्च होता, बिनमाणसांचे उपग्रह तेच काम करू लागले होते. निर्णय चुकला असं मी म्हणतच नाही. पण हसता कशाला?

त्यातलाच रॉबर्ट लॉरेन्स. अंतराळवीर म्हणून निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन, रसायनशास्त्रातला डॉक्टरेट. ८ डिसेंबर १९६७ ला एफ-१०४ लढाऊ विमानाच्या मागच्या सीटवरून दुसऱ्याला लँडिंग शिकवताना गेला. वय ३२. अंतराळवीरांच्या स्मारकावर त्याचं नाव कोरायला १९९७ उजाडलं. तीस वर्षं! लाज वाटायला हवी.

तरुण होते त्या सात जणांना नासानं घेतलं. त्यातला क्रिपेन १९८१ मध्ये कोलंबिया यानाच्या पहिल्या उड्डाणात गेला, तेव्हा कुठे बरं वाटतं. बाकीच्यांच्या आड वय आलं. २००५ मध्ये केप कॅनव्हेरलच्या प्रक्षेपण तळावर एक कुलूपबंद खोली उघडली, तर आत त्यांचे दोन निळे स्पेससूट. एकाच्या बाहीवर नाव, लॉयर, त्या सतरांतलाच एक. ते वाचलं तेव्हा मला ओट्यावरचा डबाच दिसला. भेंडीची भाजी होती त्यात. रात्री बाबांनी ती गारच खाल्ली, आईला गरम करू दिली नाही.

अमेरिकेनं २०१५ मध्ये त्या प्रकल्पाच्या बऱ्याच फायली खुल्या केल्या. म्हणून आज बाबांना फोन लावला. म्हटलं, आता तरी सांगा, काय होतं तुमचं ते काम?

बराच वेळ गप्प होते.

"अगं, तसं सांगता नाही येत," म्हणाले. "तू जेवलीस का?"